थोरांचा उपहास, पोरांच्या हाती

लहानांनी काय वाचावे आणि काय पाहावे, हा वाद प्रत्येक पिढी नव्याने उकरून काढते. आणि असे संकट पूर्वी कोणावर आलेच नव्हते, अशा समजुतीने तो घालते. आजचा वाद पडद्यावरील हलत्या व्यंगचित्रांचा आहे. अमेरिकेत १९८९ साली 'सिम्प्सन्स' ही मालिका सुरू झाली आणि १९९७ साली 'साउथ पार्क' आली. चित्रे बालवर्गाच्या भिंतीवर शोभावीत अशी, पात्रेही बहुधा शाळकरी. परंतु तोंडची भाषा, विशेषतः दुसरीतील, गुत्त्यातली, आणि नेम राज्यकर्त्यांवर, धर्मोपदेशकांवर, नटनट्यांवर. ही दुसरी मालिका तर पहिल्यापासून प्रौढांसाठी म्हणूनच दाखवली गेली. तरीही ती किशोरांपर्यंत पोचायची राहिली नाही. दिल्ली-भोपाळपासून गुवाहाटीपर्यंत बदलीच्या गावी राहणाऱ्या आमच्या बांधवांच्या घरीही असली चित्रे आता मुलांच्या हातातील फोनवर येऊन दाखल झाली आहेत, आणि 'चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने हे पाहावे काय?' असा प्रश्न आईबापांपुढे उभा आहे.

सरकारी नोकरीतल्या माणसाला एखाद्या प्रकरणावर शेरा मारण्यापूर्वी जुनी फाईल मागवून घेण्याची सवय असते. ती सवय येथे उपयोगी पडेल. हे प्रकरण एकदा पुरते चाललेले आहे. त्याचे पुरावे झाले, साक्षी झाल्या, कायदे झाले, आणि त्या कायद्यांपैकी एक आपल्या संसदेनेही केला.

अमेरिकेत चित्रकथांची स्वस्त पुस्तके, ज्यांना तेथे व येथेही कॉमिक्स म्हणतात, ती १९३०-४० च्या दशकात घरोघर पसरली. दहा सेंटांना मिळणारे हे पुस्तक मूल स्वतःच्या खाऊच्या पैशांतून विकत घेई. त्याला वडिलांच्या संमतीची गरज नव्हती. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर या पुस्तकांत खून, दरोडे, पिशाच्चे आणि छिन्नविच्छिन्न देह यांची रेलचेल झाली. १९४८ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने त्यांविरुद्ध लेख लिहिले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्पेन्सर व बिंगहॅम्टन या गावांत कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या. त्या होळ्यांत पुस्तके टाकणारे हात शाळकरी मुलांचेच होते. हिटलरचा पाडाव होऊन अवघी तीन वर्षे झाली होती. तरी पुस्तके जाळण्यात काही विपरीत आहे असे त्या गावांतील थोरांस वाटले नाही.

वर्थम हा कोणी सोवळा कर्मठ नव्हता, हे येथे सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील गरीब कृष्णवर्णीयांसाठी त्याने १९४६ साली जवळजवळ फुकट चालणारा दवाखाना काढला होता. शाळांतील वर्णभेद मुलांच्या मनाला कसा इजा करतो, याविषयी त्याने दिलेली साक्ष डेलावेअर राज्यातील खटल्यात उपयोगी पडली, आणि तो खटला पुढे १९५४ च्या सुप्रसिद्ध निकालात सामील झाला. मुलांविषयीची त्याची कळकळ खरी होती. 'सिडक्शन ऑफ दि इनोसन्ट' हे त्याचे पुस्तक १९५४ च्या वसंत ऋतूत निघाले आणि आईबापांच्या मनात धडकी भरली. बालगुन्हेगारीचे मूळ कॉमिक्समध्ये आहे, असे आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या हकिकती सांगून त्याने मांडले होते.

पुढे २०१० साली वर्थमचे कागदपत्र अभ्यासकांस खुले झाले. कॅरोल टिली या ग्रंथपालनशास्त्राच्या प्राध्यापिकेने ते तपासून २०१२ साली दाखवून दिले, की अनेक ठिकाणी त्याने मुलांची विधाने बदलली, वेगवेगळ्या मुलांचे बोलणे एकाच्या तोंडी घातले, आणि त्यांच्या दुःखाची घरगुती कारणे गाळून टाकली. हेतू शुद्ध असला म्हणजे पुरावा आपोआप शुद्ध होत नाही, हे या उदाहरणावरून ध्यानात येते.

१९५४ च्या एप्रिल व जून महिन्यांत अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने न्यूयॉर्क येथे साक्षी घेतल्या. २१ एप्रिल रोजी विल्यम गेन्स हा प्रकाशक समितीपुढे आला. सिनेटर कीफॉवर यांनी त्याच्या एका मासिकाचे मुखपृष्ठ उंच धरले. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचे तोडलेले मुंडके, असे ते चित्र होते. हे सदभिरुचीला धरून आहे काय, असे त्यांनी विचारले. भयकथांच्या मुखपृष्ठाच्या मानाने आहे, असे गेन्सने उत्तर दिले. या एका उत्तराने त्याची बाजू पडली. वर्तमानपत्रांना मथळा मिळाला आणि जनतेला खलनायक मिळाला.

समितीने सक्तीच्या कायद्याची शिफारस केली नाही. धंदेवाल्यांनी आपले घर आपणच झाडावे, असे सुचवले. त्याप्रमाणे प्रकाशकांनी त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात एक आचारसंहिता केली. तिच्या तपासनिसांनी शिक्का मारल्याशिवाय विक्रेते पुस्तक दुकानात ठेवीनात. पिशाच्चे गेली, रक्ताचे पाट गेले, आणि ते गेले याबद्दल आम्हांस दुःख नाही. परंतु त्या संहितेत आणखी एक कलम होते, आणि ते आमच्या वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचण्याजोगे आहे. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल अशा रीतीने त्यांचे चित्रण कधीही करू नये, असे त्यात म्हटले होते. घटस्फोटावर विनोद करू नये, असेही होते. मुलांचे रक्षण करण्यासाठी निघालेली माणसे वाटेत अधिकाऱ्यांचेही रक्षण करून मोकळी झाली! किळसवाणे आणि उपहासगर्भ या दोहोंत भेद आहे, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही. किंवा आले असेल, तर ते सोयीचे वाटले नाही.

या गल्लतीचे फळ लवकरच दिसले. गेन्सने १९५३ साली छापलेली एक कथा संहिता आल्यानंतर पुन्हा छापायला काढली. एका दूरच्या ग्रहावर केवळ रंगाच्या भेदावरून एक जमात दुसरीला हीन लेखते. तिची पाहणी करण्यास आलेला पृथ्वीवरचा अधिकारी त्या ग्रहाला नापास ठरवतो. आणि शेवटच्या चित्रात त्याचे शिरस्त्राण निघते तेव्हा तो कृष्णवर्णीय असल्याचे दिसते. गेन्स व त्याचा संपादक यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, संहितेच्या कचेरीने त्या शेवटच्या चित्रावरच हरकत घेतली. गेन्सने हट्टाने ते तसेच छापले आणि त्यानंतर कॉमिक्सचा धंदा सोडून दिला. वर्णभेदाविरुद्ध साक्ष देणाऱ्या वर्थमच्या चळवळीतून निघालेले हत्यार वर्णभेदाविरुद्धच्याच कथेवर चालले.

गेन्सच्या हाती एकच प्रकाशन उरले, ते 'मॅड'. हे १९५२ साली हार्वी कर्ट्झमन या संपादकाने कॉमिकच्या रूपात सुरू केले होते. १९५५ च्या उन्हाळ्यात ते पंचवीस सेंट किमतीचे मोठ्या आकाराचे मासिक झाले. आकार बदलावा ही कर्ट्झमनची जुनी इच्छा होती. परंतु त्याचा परिणाम असा झाला, की ते मासिक आचारसंहितेच्या कक्षेतून बाहेर पडले. 'मॅड' सोवळे नव्हते. त्यातील चित्रे वेडीवाकडी, विनोद पुष्कळदा ग्राम्य, आदर नावाची चीज औषधालाही नाही. परंतु त्याचा रोख पाहा. सुपरमॅनचे विडंबन, साबणाच्या आणि सिगारेटच्या जाहिरातींचे विडंबन, आणि सिनेटर मॅकार्थी यांच्या चौकशीचा सारा देशभर दरारा असताना त्या चौकशीचे दूरचित्रवाणीवरील कोड्यांच्या खेळाच्या रूपात विडंबन. १९५७ पासून २००१ पर्यंत या मासिकाने बाहेरच्या जाहिराती घेतल्या नाहीत. १९७४ च्या सुमारास त्याचा खप वीस लाखांच्या वर गेला, आणि वाचकांत मोठा भरणा किशोरांचा होता.

या किशोरांना ते का कळले, हा आमच्या मते सर्व प्रकरणाचा गाभा आहे. त्यांना सुपरमॅन पाठ होता. जाहिराती ते रोज पाहत होते. मूळ वस्तू त्यांच्या इतकी परिचयाची होती, की तिला कोठे चिमटा काढला आहे हे त्यांना तत्काळ उमगे. सिनेटरांना मात्र त्यातले काहीच उमगत नव्हते. त्यांना दिसे ते केवळ वाकडे तोंड. आमच्याकडे आचार्य अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'ची गोष्ट अशीच नव्हे काय? ज्या विद्यार्थ्यांनी त्या काळची भावविवश कविता वाचली होती, तिच्या गायनांना हजेरी लावली होती, त्यांची ती फुले वाचून हसता हसता पुरेवाट झाली. ज्यांना मूळ कविताच ठाऊक नव्हत्या, त्यांना त्यांत थट्टेखोर पद्यापलीकडे काय मिळणार? मूळ ठाऊक असल्यावाचून विडंबन कळत नाही. मग जे हाती उरते, ते कवच. आणि कवच बहुधा ओबडधोबडच असते.

ब्रिटनमध्येही याच वर्षांत तसेच वादळ उठले. १९५४ च्या सप्टेंबरात ग्लासगो शहरातील शेकडो मुले हातांत काठ्या व सुऱ्या घेऊन एका स्मशानभूमीत घुसली. लोखंडी दातांच्या पिशाच्चाने दोन मुले खाल्ली, अशी आवई उठली होती. मुले तर कोणतीच हरवली नव्हती. दोष लगेच अमेरिकन कॉमिक्सवर आला. अभ्यासकांनी नंतर शोध घेतला, तेव्हा असे पिशाच्च कोणत्याही कॉमिकमध्ये आढळेना. लोखंडी दातांची बया मात्र स्कॉटलंडच्या शाळांतून शिकवल्या जाणाऱ्या एका जुन्या कवितेत आढळली, आणि लोखंडी दातांचे श्वापद बायबलात आढळले. तरी १९५५ साली ब्रिटिश पार्लमेंटने मुलांना अपायकारक प्रकाशनांविरुद्धचा कायदा संमत केलाच.

तोच कायदा पुढल्या वर्षी, १९५६ साली, आपल्या येथे आला. तरुण व्यक्ती (अपायकारक प्रकाशने) अधिनियम असे त्याचे नाव. गुन्हे, हिंसा वा क्रौर्य, आणि किळसवाणे वा भयंकर प्रसंग हे ज्यांत प्रामुख्याने रंगवले आहेत, आणि ज्यांच्यामुळे ती ज्याच्या हाती पडतील तो तरुण बिघडण्याचा संभव आहे, अशी प्रकाशने त्याच्या कक्षेत येतात. इंग्रजांनी कायदा चित्रकथांपुरता ठेवला होता. आपण चित्रे असोत वा नसोत, सर्वच कथा त्यात घेतल्या. इंग्रजांची मर्यादा सतरा वर्षांची, आपली वीस. राज्य सरकारने आपल्या मुख्य विधी अधिकाऱ्याचा सल्ला घ्यावा, राजपत्रात आदेश प्रसिद्ध करावा आणि प्रती जप्त कराव्यात. ज्याला तक्रार असेल त्याने उच्च न्यायालयात जावे, अशी रीत घालून दिली. या रीतीत एखाद्या सचिवाची वा उपसचिवाची सही लागतेच, म्हणून आमच्या वाचकांस हा प्रश्न केवळ घरचा नाही.

या व्याख्येत रक्त आहे, क्रौर्य आहे, किळस आहे. उपहासाचा उल्लेख कोठेही नाही. तो असूही शकत नाही. कुऱ्हाड मोजता येते, मुंडके मोजता येते. परंतु एखाद्या चित्रातील टोचणी कोणाला आणि कशासाठी आहे, याचे माप कोणत्याही कलमात बसत नाही. म्हणून कायदा दोहोंपैकी एक करतो. उपहासाकडे तो आंधळा राहतो, किंवा अमेरिकन संहितेप्रमाणे त्याला अधिक्षेप समजून दडपतो.

'ज्याच्या हाती पडेल' हे शब्दही नवे नाहीत. त्यांचे मूळ १८६८ च्या इंग्लंडमधील हिकलिन खटल्यात आहे. ज्यांची मने कुसंस्काराला मोकळी आहेत अशांच्या हाती पुस्तक पडले तर काय होईल, ही अश्लीलतेची कसोटी सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी तेव्हा घालून दिली आणि ती सुमारे दीडशे वर्षे आपल्या न्यायालयांत वावरली. तिचा अर्थ असा, की साऱ्या समाजाने सर्वांत कोवळ्या वाचकाच्या मापाचे कपडे घालावेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली बटलर खटल्यात हा न्याय नाकारला; प्रौढांना मुलांना योग्य तेवढेच वाचू देणे म्हणजे डुक्कर भाजण्यासाठी घर जाळणे होय, हा न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. आपल्याकडे या विचाराची एक पायरी मराठी कथेच्या निमित्तानेच चढली गेली. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर खटला झाला, मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले, आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला मुक्त केले. हिकलिनची कसोटी त्या न्यायालयाने २०१४ साली स्पष्टपणे बाजूला सारली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने कोवळ्या वाचकाला अश्लील वस्तू विकण्याच्या गुन्ह्यातील वयाची मर्यादाही विसावरून अठरावर आणली आहे.

येथवरच्या हकिकतीवरून कोणी असा निष्कर्ष काढील, की कायदे फसले, तेव्हा मुलांच्या हाती काहीही द्यावे. आमचे म्हणणे तसे नाही. उपहास दुखवतो, आणि कधी कधी नको त्याला दुखवतो. याचे आपल्या देशातील उदाहरण २०१२ सालचे आहे. शंकर यांनी १९४९ साली काढलेले एक व्यंगचित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात होते. संविधानाची गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेऊन बसलेले डॉ. आंबेडकर, आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. चाबूक गोगलगायीवर आहे, असे पुस्तककर्त्यांचे म्हणणे. परंतु ज्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या खरे चाबूक सोसले, त्यांना या चित्रात विनोद दिसला नाही, आणि त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. संसदेत गदारोळ झाला, चित्र मागे घेण्यात आले, पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, आणि पुण्यात पळशीकरांच्या कचेरीची मोडतोड झाली. सुखदेव थोरात यांच्या समितीने ते चित्र गाळावे असे सांगितले. एका सदस्याने भिन्न मत नोंदवले.

या प्रकरणातही मूळ प्रश्न तोच होता. संविधान सभेला किती काळ लागला, लोक का अधीर झाले होते, शंकर यांनी कोणाकोणाला चिमटे काढले होते, हे ज्या विद्यार्थ्याला शिकवलेले आहे, त्याच्यासमोर ते चित्र एक वस्तू आहे; ज्याला काहीच शिकवलेले नाही, त्याच्यासमोर ती निराळीच वस्तू आहे. एकच पान एकाला शहाणपण देते आणि दुसऱ्याला केवळ जखम, किंवा केवळ खिदळण्याचे निमित्त. पान तेच असते. भेद पडतो तो वाचणाऱ्याला मूळ किती ठाऊक आहे, यावरून.

हा विचार आजच्या हलत्या चित्रांना लावून पाहा. अमेरिकेतील सोळा वर्षांच्या मुलाला त्या मालिकांत कोणत्या पुढाऱ्याची, कोणत्या पंथाची, कोणत्या नटीची टर उडवली आहे, हे बहुधा कळते. हैदराबादेत वाढणाऱ्या आमच्या मुलाला त्यातले कितीसे कळणार? त्याच्यापर्यंत उपहासाचा गर गळून गेलेला असतो आणि साल तेवढी पोचते, म्हणजे शिव्या आणि घाण. प्रौढांसाठी काढलेले ते चित्र त्याला प्रौढ करीत नाही. प्रौढांचा केवळ अशिष्टपणा त्याच्या पदरी टाकते. शिमग्याला गावोगाव बोंब मारण्याची मोकळीक असे. पण कोणाच्या दारी बोंब मारायची आणि का, हे गावातल्या पोराला ठाऊक असे, आणि दुसऱ्या दिवशी ती थांबे. परमुलुखातून आलेली ही बोंब कोणाच्या नावाने आहे हे पोराला ठाऊक नसते, आणि ती थांबतही नाही.

शासनाने २०२१ च्या नियमांनी अशा कार्यक्रमांना सात, तेरा, सोळा वर्षे आणि केवळ प्रौढ अशा वयाच्या पाट्या लावण्यास सांगितले आहे, आणि तेरा वर्षांपासून पुढच्या वर्गांना आईबापांच्या हाती कुलूप दिले आहे. ही योजना बंदीपेक्षा पुष्कळ बरी, यात शंका नाही. परंतु पाटी वय सांगते. जाण सांगत नाही. तेरा आणि सतरा या दोन वर्षांत जेवढे अंतर आहे, तेवढेच अंतर मूळ ठाऊक असलेल्या आणि नसलेल्या दोन सतरा वर्षांच्या मुलांत असू शकते. हे माप फक्त घरातच घेता येते.

म्हणून आईबापांस आमचे सांगणे एवढेच, की मुलाने असले काही पाहिले तर प्रथम त्याला विचारावे, 'हे कोणाला हसत आहेत, आणि का?' त्याने नीट सांगितले, तर ते चित्र त्याच्या वयाचे आहे असे समजावे, मग त्यातील भाषा आपल्या कानांना कितीही खरखरीत लागो. सांगता आले नाही, तर मूळ हकिकत आपण सांगावी. ती आपल्यालाही ठाऊक नसेल, तर ते चित्र तूर्त बाजूला ठेवण्यास दोघांनाही चांगले कारण आहे. पुढे आणखी एक विचारावे, की ज्याला हसत आहेत तो हसणाऱ्यांपेक्षा बलिष्ठ आहे की दुर्बळ. दुर्बळाला हसणारे चित्र स्वच्छ भाषेत असले तरी ते मुलाला वाईटच शिकवते.

कचेरीतून थकून आलेल्या माणसाला हे प्रश्न विचारीत बसणे कठीण वाटेल. कुलूप लावणे सोपे आणि डोळेझाक त्याहून सोपी. अमेरिकेतील ती आचारसंहिता पन्नासाहून अधिक वर्षे नावाला चालली, आणि २०११ साली शेवटच्या दोन प्रकाशकांनी तिचा शिक्का सोडला, तेव्हा कोणी फारसे विचारलेही नाही. त्या दरम्यान तेथील किशोर जे शिकले, ते शिक्क्याकडून शिकले नाहीत. आमच्या मुलांनी कोणाकडून शिकावे, हे अजून आमच्या हाती आहे. आणि त्यासाठी रात्रीच्या जेवणानंतरचा अर्धा तास त्यांच्याजवळ बसण्याची तयारी हवी.